काट्याला फूल म्हणणाऱ्यांना

"शांतता बाहेर शोधू नका, ती तुमच्या आत आहे." उपनगरांत हे वाक्य हल्ली इतक्या ठिकाणी ऐकू येतं, की त्याचीही डेसिबलमध्ये मोजणी करायला हरकत नाही. मुलुंडच्या टॉवरमधल्या क्लबहाऊसचा ध्यानवर्ग, बोरिवलीच्या मैदानावरचं प्रवचन (ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसह), रविवारच्या पुरवणीतला अध्यात्माचा रकाना, अंधेरीच्या काचेच्या इमारतीत कर्मचाऱ्यांचा ताण घालवायला बोलावलेला प्रशिक्षक, सगळ्यांचं सांगणं एकच. एवढ्यावर ते थांबले असते तर लेख लिहिण्याची गरज नव्हती. पण या वाक्याला एक शेपूट असतं. बाहेरच्या आवाजाने ज्याची शांतता मोडते, त्याची शांतता मुळात खरी नव्हतीच, असं ते शेपूट. भोंगा वाजतोय? साक्षीभावाने बघा. खालच्या मजल्यावर ड्रिल चालू आहे? श्वासावर या. पोलिसांना फोन केलात? मग अहंकार अजून शिल्लक आहे म्हणायचा.

माझं भांडण या शेपटाशी आहे. ते शास्त्राला धरून नाही, शरीराला धरून नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते गोंगाट करणाऱ्यांचं वकीलपत्र आहे. वकिलाला ते ठाऊक नसेल, पण अशिलाला त्याचा फायदा पुरेपूर मिळतो.

शास्त्रापासूनच सुरू करू, कारण ही मंडळी शास्त्राचं नाव घेऊनच समोरच्याला गप्प करतात. त्यांचा आवडता दाखला बुद्धाचा. महापरिनिब्बान सुत्तात गोष्ट येते: आतुमा गावी बुद्ध एका भुसाच्या कोठारात बसले होते, बाहेर मुसळधार पाऊस, कडाडणाऱ्या विजा. वीज पडून दोन शेतकरी भाऊ आणि चार बैल ठार झाले, लोक जमले, आणि बुद्ध जागे असूनही त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. बघा, म्हणतात, वीज पडली तरी शांत. तुम्ही एका डीजेने हैराण होता?

गोष्ट खरी आहे, म्हणजे ग्रंथात आहे. पण ती आहे बोधी मिळालेल्या माणसाची, आयुष्याच्या अखेरच्या प्रवासात सांगितलेली. ध्यानाला बसणाऱ्या बाकीच्यांना हेच बुद्ध काय सांगतात, ते अंगुत्तर निकायात आहे, आणि ते क्लबहाऊसमध्ये कुणी वाचून दाखवत नाही. वैशालीच्या महावनात बुद्ध अनेक ज्येष्ठ भिक्षूंसह राहत होते. लिच्छवींचे उमराव रथ जोडून, मोठा गलबला करत त्यांच्या दर्शनाला आले. तो कल्लोळ ऐकून हे ज्येष्ठ भिक्षू उठले आणि गोसिंग सालवनात निघून गेले. बुद्धांनी विचारलं, ही मंडळी कुठे गेली? कारण कळल्यावर ते रागावले नाहीत. 'साधनेत कच्चे' असंही म्हणाले नाहीत. त्यांनी केलं ते योग्यच केलं असा निर्वाळा दिला, आणि कशाला कशाचा काटा आहे याची यादीच सांगितली. त्या यादीत पहिल्या ध्यानाला काटा कोणता? शब्द. म्हणजे आवाज.

काटा म्हणजे काटा. तो रुतला तर पाय बधिर करून घ्या, असा उपदेश तिथे नाही. वाट बदलणाऱ्यांची तिथे बाजू घेतलेली आहे.

मज्झिम निकायात चातुमा गावची गोष्ट तर आपल्या कोळीवाड्यांना चटकन कळेल अशी आहे. नवे भिक्षू आले, जागेची, पात्र-चीवरांची लावालाव करताना गलका सुरू झाला. हा कसला कोलाहल, जाळं ओढताना कोळी ओरडतात तसा, असं म्हणून बुद्धांनी अख्ख्या जमावाला परत पाठवून दिलं. पुढे रदबदली झाली तेव्हा पुन्हा घेतलं, तो भाग वेगळा. आणि मगधाचा राजा बिंबिसार जेव्हा संघासाठी जागा शोधत होता, तेव्हा त्याने लावलेले निकष विनयपिटकात नोंदलेले आहेत: गावापासून फार लांब नको, फार जवळ नको, दिवसा गर्दी नसावी आणि रात्री आवाज नसावा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाला 'रात्री आवाज नसावा' हा निकष सुचला. आपल्याला तो २००० साली नियमांत लिहावा लागला आणि अजून पाळता येत नाही.

बौद्धांचं सोडा, आपल्या घरातलं घ्या. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला जागा कशी हवी याचं लांबलचक वर्णन आहे. बसलं की उठावंसं वाटू नये, साधकांची वस्ती असावी, पण लोकांच्या पायरवाने ती जागा मळलेली नसावी. गंमत पुढे आहे. ज्ञानेश्वर पक्ष्यांचाही हिशेब ठेवतात. पाण्याजवळचे हंस चालतील, दोन-चार सारस चालतील, एखाद्या वेळी कोकीळ बसला तरी हरकत नाही. मोर? कायम नकोत, पण येऊन-जाऊन असतील तर आम्ही नको म्हणत नाही. इतकं नेमकं ध्वनिनियोजन महापालिकेच्या विकास आराखड्यातही सापडणार नाही. ज्याने मोराच्या केकांचं प्रमाण ठरवलं, त्याच्या नावाने 'आवाजाकडे लक्ष देऊ नका' असा उपदेश करायला धारिष्ट लागतं. तुकोबांना भंडाऱ्याच्या डोंगरावर का जावंसं वाटलं, समर्थ शिवथरघळीत का बसले, हे प्रश्न मग विचारायलाही नकोत. देहूत काय आतली शांतता मिळत नव्हती?

आणि हे सगळं पोथीतच आहे असंही नाही. ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरात कोरलेलं आहे. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीपासून हजारेक वर्षं तिथे वस्ती होती. खोल्यांना दगडी बाक, बाहेर पावसाचं पाणी साठवायची पोढी. सोपारा आणि कल्याणच्या बाजारांशी ये-जा ठेवता येईल इतकं जवळ आणि बाजाराचा आवाज पोचणार नाही इतकं लांब. बिंबिसाराचा निकष इथे जमिनीवर उतरलेला दिसतो. पण तिथले शिलालेख वाचणाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही लेणी, या पोढी, हे बाक दानातून झाले. व्यापारी, कारागीर, गृहस्थ, भिक्षुणी, अशा अनेकांची नावं तिथल्या ब्राह्मी अक्षरांत आहेत. कल्याणच्या बाजारात दिवसभर घासाघीस करणाऱ्या माणसाने आपल्या कमाईतला वाटा दिला, तो दुसऱ्या कुणाला निवांत बसता यावं म्हणून. शांतता त्या काळीही आपोआप मिळत नव्हती. लोकांनी पैसे घालून, डोंगर फोडून ती बांधली होती.

आज त्याच उद्यानात सकाळी फिरायला जा. कमरेला किंवा सायकलच्या दांड्याला ब्लूटूथ स्पीकर लटकवून, जुनी गाणी किंवा मंत्रजप मोठ्याने लावून चालणारे ज्येष्ठ नागरिक दिसतील. त्यांच्यापैकी एखाद्याने आवाज कमी करण्याच्या विनंतीवर "मन शांत असेल तर त्रास होत नाही" असं उत्तर दिलं, तर या लेखाचं प्रयोजन तुम्हाला तिथेच कळेल.

खाडीपलीकडे गोराईला २००९ साली जागतिक विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन झालं. मध्ये एकही खांब नसलेला प्रचंड दगडी घुमट, आठ हजार माणसं एकत्र बसू शकतील एवढा. शेजारी तेव्हा एस्सेलवर्ल्डचे पाळणे होते, हा मुंबईचाच विनोद. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरं इगतपुरीला १९७६ पासून चालतात आणि ती मोफत असतात, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी पैशांबद्दल बोलणार आहे. त्या शिबिरांत समतेने बघायला शिकवतात, प्रतिक्रिया देऊ नका म्हणतात. आमचे क्लबहाऊसवाले हाच शब्द उसना घेतात. पण शिबिराचे नियम बघा. आर्य मौन, फोन जमा, वाचन-लेखन बंद, आवारातून बाहेर जायचं नाही. समता शिकवण्याआधी संस्थेने दहा दिवसांसाठी गोंगाट हद्दपार केलेला असतो. आवाज आतूनच जिंकायचा असता, तर शिबिर घाटकोपर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता घेतलं असतं. भाडंही लागलं नसतं.

आता शरीराचं. तोंड बंद ठेवणं माणसाच्या हाती आहे. अहमदनगरजवळ मेहेरबाबा १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत बोलले नाहीत. निश्चय असला तर तेही जमतं. पण कानाला पापणी नाही. झोपेतही कान कामावर असतो. झोपलेल्या माणसाला जाग आली नाही तरी आवाजाने त्याच्या नाडीचे ठोके वाढतात, रक्तदाब वर जातो, गाढ झोप उथळ होते. सकाळी तो म्हणतो, मला काही ऐकू आलं नाही, मला सवय आहे. सवय मनाला होते. हृदयाला ती तशी होत नाही, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने रात्रीच्या आवाजाच्या मर्यादा वेगळ्या घालून दिल्या आहेत. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्राला ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. डेसिबलचं गणित साधी बेरीज नाही. दहाने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. मिरवणुकीत शंभराच्या पुढचे आकडे वर्षानुवर्षं मोजले गेले आहेत. ४५ आणि १०५ यांत अंतर किती, ते दहाचा गुणाकार सहा वेळा करून बघा: दहा लाख पट. एवढ्या धक्क्याला 'साक्षीभाव' हे उत्तर देणं म्हणजे मलेरियाला सकारात्मक विचार सुचवणं.

पण समजा, कुणी खरंच एवढा सिद्ध झाला की त्याला काही होत नाही. तरी त्याच्या शेजारच्या बाळाचं काय? राजावाडी, भगवती, अग्रवाल अशा रुग्णालयांत निजलेल्या माणसाने आधी दहा दिवसांचं शिबिर करून मग आजारी पडायचं का?

यातून मी पैशांकडे येतो. आतल्या शांततेचा उपदेश करणाऱ्याची खिडकी बघा. तिला दुहेरी काच असते. बाविसाव्या मजल्यावर रस्त्याचा आवाज पोचतो तो गाळून. गाडीच्या काचा वर, कानात आवाज गिळणारे हेडफोन, शनिवार-रविवार कर्जत किंवा लोणावळा. त्याने बाहेरची शांतता विकत घेतलेली आहे, आणि उरलेल्यांना तो आतली सुचवतो आहे. असल्फाच्या किंवा भटवाडीच्या डोंगरउतारावर दहा बाय बाराच्या खोलीत पत्र्याच्या भिंतीपलीकडे स्पीकर लागला असेल, तर तिथे दुहेरी काच कुठे बसवायची? विपश्यनेचं शिबिर मोफत असलं तरी दहा दिवसांची रजा मोफत नसते. चार घरची कामं करणाऱ्या बाईने दहा दिवस सुटी मागून बघावी. आणि रात्रपाळी करून सकाळी झोपणारा वॉचमन तर कुणाच्याच गणतीत नाही. रात्री दहानंतरची लाउडस्पीकरबंदीही त्याच्या उपयोगाची नाही, कारण त्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते.

इथे दुसरा प्रतिपक्ष उभा राहतो, नेमका उलट्या बाजूने. तो म्हणतो, आवाजाची तक्रार हीच उच्चभ्रूंची चैन आहे. वस्तीतली माणसं गलक्यातच वाढतात, तीच त्यांची मजा, वर्षातून चार दिवस नाचली तर तुमच्या पोटात का दुखतं?

याला माझं उत्तर एका शब्दात आहे: अभ्यासिका. घाटकोपर, भांडुप, कांजूर, मालाड, कुठेही जा. महापालिकेच्या, शाखांच्या, मंडळांच्या अभ्यासिका सापडतील. ट्यूबलाइट, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर 'कृपया शांतता राखा', चपला दाराबाहेर. परीक्षेच्या दिवसांत तिथे जागेसाठी नंबर लावावा लागतो. दहावीची मुलगी, स्पर्धा परीक्षेचा तरुण, दिवसा डिलिव्हरीची कामं करून रात्री एलएलबीची पुस्तकं उघडणारा, सगळे तिथे येतात, कारण घरी आवाज आहे. त्यांच्या खोलीत जे मिळत नाही ते घ्यायला ते रात्री अकरा-अकरापर्यंत बसतात. उपनगरातली सगळ्यात खरी मौनशाळा मला विचाराल तर ही, आणि तिची गरज कुणाला आहे हे तिच्या दाराबाहेरच्या चपला बघून कळतं. उच्चभ्रूंच्या चपला नसतात त्या.

गंमत अशी की अनेकदा अभ्यासिका चालवणारं मंडळ आणि सप्टेंबरात डीजेची भिंत उभी करणारं मंडळ एकच असतं. तेच अध्यक्ष, तेच बॅनर. म्हणजे शांतता म्हणजे काय आणि ती कुणाला लागते, हे मंडळाला नीट ठाऊक आहे. वर्षातले काही दिवस ते विसरण्याची मुभा त्याने घेतलेली असते. नियमांतही अशी मुभा आहे: वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकारला रात्री दहाची मर्यादा बारापर्यंत वाढवता येते. हे पंधरा दिवस मला मान्य आहेत. पण ही सवलत वेळेची आहे. डेसिबलची मर्यादा त्या पंधरा दिवसांतही जागेवरच असते, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

परंपरेचा मुद्दाही याच रांगेतला. ढोल-ताशा, टाळ-मृदंग, अजान, घंटा, पिपाणी हे सगळं माणसाच्या दमाने चालतं. वाजवणारा थकतो. त्याला घाम येतो, तो थांबतो, पाणी पितो. समोर अंत्ययात्रा आली तर हात वर करून सगळं थांबवतो. लोकलच्या डब्यातल्या भजनी मंडळाला तुम्ही सांगू शकता, बुवा, आज जरा हळू, पोरगी आजारी आहे (ऐकतीलच असं नाही, पण सांगता तरी येतं). ध्वनिवर्धकाला दम लागत नाही. त्याच्यामागचा माणूस दोन गल्ल्या पलीकडे चहा पीत असतो. ज्या आवाजाला थांबवायला समोर माणूस सापडतो त्याच्याशी माझं फारसं भांडण नाही. आणि ही यंत्रं काही वेदकाळातली नाहीत. वारीच्या परंपरेत कुठल्या काळी वीजजोडणी होती?

न्यायालयांनी हे आपल्यापेक्षा स्वच्छ सांगितलं आहे. मुंबईत डॉ. यशवंत ओक १९८० च्या दशकापासून या विषयासाठी उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढले. सुमैरा अब्दुलाली २००३ पासून झगडताहेत, पुढे त्यांनी आवाज फाउंडेशन काढलं. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सहाची बंदी पक्की केली आणि गोंगाटापासून मुक्त जगणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेत सांगितलं, की लाउडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा आवश्यक भाग नाही. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट २०१७ ला, केंद्राने नियम बदलले: रुग्णालय-शाळेभोवतीचे शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र राहणार नाहीत, राज्याने तसं जाहीर करावं लागेल. उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला त्या बदलाला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबरला ती स्थगिती थांबवली. ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. योगायोग म्हणू या.

आणि २३ जानेवारी २०२५ चा निकाल तर उपनगरातलाच. कुर्ला पूर्वच्या रहिवासी संघटना उच्च न्यायालयात गेल्या. तक्रार तिथल्या मशिदींच्या भोंग्यांची होती. न्यायमूर्ती अजय गडकरी आणि श्याम चांडक यांनी निकाल दिला तो मात्र सगळ्या धर्मांना लागू होईल असा. ध्वनिवर्धक नाकारला म्हणून कुणाच्या धर्मस्वातंत्र्यावर गदा येत नाही. एका जागी कितीही कर्णे असोत, सगळ्यांची मिळून मर्यादा ५५ आणि ४५ चीच. पोलिसांनी आधी समज द्यावी, मग दंड, मग जप्ती, मग परवाना रद्द. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव विचारू नये, उघड करू नये. हे शेवटचं कलम ज्याने लिहिलं त्याला उपनगरातली गल्ली माहीत आहे. इथे माणूस आवाजाला जेवढा घाबरतो त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी दाराशी येणाऱ्या चार जणांना घाबरतो. त्या भीतीलाच पुष्कळदा सहिष्णुता असं गोड नाव पडतं, आणि तिच्यावर अध्यात्माचा मुलामा चढवून देणारे तयार असतात.

याच ठिकाणी स्वतःला माझ्या बाजूचे म्हणवणाऱ्यांनाही दोन शब्द. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडवा मेळाव्यात राज ठाकरे यांनी मशिदींसमोर दुप्पट आवाजात हनुमान चालिसा लावण्याचा इशारा दिला, तेव्हा आवाजाच्या प्रश्नाचं काय झालं? एका भोंग्याच्या जागी दोन आले, आणि प्रश्न डेसिबलवरून धर्मावर गेला. २०२५ मध्ये पोलिसांनी शहरातल्या धार्मिक स्थळांवरचे भोंगे उतरवले, त्याचं ज्यांनी स्वागत केलं त्यांच्यापैकी कितीजण सप्टेंबरात मोजमापयंत्र घेऊन मिरवणुकीत फिरले? पहाटे पाचचा कर्णा खटकतो आणि रात्री साडेअकराचा बेस सुखावतो, अशा कानाला शांतता नको असते. त्याला फक्त दुसऱ्याने गप्प बसायला हवं असतं.

शिवाय धर्माच्या या रणधुमाळीत आवाजाचे बडे धनी निसटतात. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत जुन्या सोसायट्या पाडून टॉवर होताहेत. सकाळपासून ब्रेकर, मग पायाचं काम, मग मिक्सरची रांग, आणि एक इमारत संपली की शेजारची सुरू. तीन-तीन, चार-चार वर्षं. वरून विमानं, मधून मेट्रो, खालून हॉर्न. काही वर्षांपूर्वी मुंबई पोलिसांनी ८५ डेसिबलच्या वर हॉर्न वाजले की सिग्नल लाल ठेवणारं यंत्र काही चौकांत बसवून बघितलं. गाजलं खूप, टिकलं नाही. बिल्डरच्या ब्रेकरसमोर कुणी चालिसा म्हणायला जात नाही. आणि गमतीचा भाग म्हणजे त्याच टॉवरच्या जाहिरातीत 'मेडिटेशन डेक' असतो.

क्लबहाऊसच्या मंडळींपुढे मला आणखी एक गोष्ट ठेवायची आहे. २००५ च्या ज्या निकालाचा वर उल्लेख केला, तो ज्या याचिकेतून आला तिच्या मुळाशी एक तेरा वर्षांची मुलगी होती. तिच्यावर बलात्कार झाला, ती ओरडली, आणि शेजारच्या लाउडस्पीकरमुळे तिचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. पुढे तिने स्वतःला जाळून घेतलं. याचिका करणाऱ्याने ही बातमी न्यायालयापुढे ठेवली.

म्हणून मला शांततेची 'आत' अशी व्याख्या अपुरी वाटते, आणि थोडी भयानकही. स्वतःला ऐकू यावं एवढ्यासाठीच शांतता लागत नाही. भिंतीपलीकडची म्हातारी पडली तर तिची हाक ऐकू यावी, बाळाच्या रडण्यात काय वेगळं आहे ते आईला कळावं, मागून येणारी रुग्णवाहिका कळावी, म्हणूनही ती लागते. बाहेरचं काही ऐकू न येणं ही ज्या साधनेची परमावधी, ती साधना आणि तो लाउडस्पीकर शेवटी एकच काम करतात: दुसऱ्याची हाक बुडवतात. जैनांचं सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं असतं. घाटकोपर-मुलुंडच्या उपाश्रयांत रोज कितीतरी लोक त्याला बसतात. त्या बैठकीत सर्व जीवांविषयी समभाव अपेक्षित आहे. ज्या जीवांचा आवाजच पोचत नाही, त्यांच्याविषयी समभाव ठेवणं फारच सोपं.

"मग करायचं काय, रोज पोलिसांना फोन?" हा प्रश्न येणारच. रोज नको. पण गणपती आणि नवरात्राच्या आधी प्रत्येक सोसायटीची सभा होते. गरब्याला किंवा ऑर्केस्ट्राला किती वर्गणी, जेवणाचा कंत्राटदार कोण, स्पीकर किती, हे तिथेच ठरतं. स्पीकर गेटकडे तोंड करून लावायचे की आवाराच्या आत, दहाला बंद म्हणजे दहालाच की 'शेवटची दोन गाणी' धरून, रेकॉर्डेड गाण्यांऐवजी वाजवणारी माणसं बोलवायची का, हेही तिथेच ठरू शकतं. पुनर्विकासाच्या करारात ब्रेकर किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, ही अट घालायची जागाही तीच सर्वसाधारण सभा. ध्यानवर्गाला नियमाने जाणारे निम्मे सभासद त्या सभेला हजर असतात आणि बहुधा स्पीकरचा विषय निघाला की डोळे मिटून बसतात. ठरावाला सूचक एक लागतो, अनुमोदक एक.